दारावरचे दोन गालिचे

दिरे दावाहून आलेल्या त्या दोघी चुकूनच मुमिनाच्या घरात शिरल्या. जायचं होतं शेजारी शमसियाकडे. पण आमच्या हररच्या गल्ल्या अशा, की जन्म इथं गेलेला माणूससुद्धा कधीकधी स्वतःचं दार ओलांडून पुढे जातो. त्या तर परगावच्या. आत आल्यावर चूक लक्षात आली, तरी उठायचं नाव घेईनात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मुमिनाच्या घरात पहिल्यांदा आलेलं माणूस आधी बोलायचंच विसरतं.

त्या घरात भिंत म्हणून दिसतच नाही. छताजवळ तामचिनीच्या रंगीत ताटल्यांची रांग. तिच्याखाली गवताच्या विणलेल्या मोठ्या परड्या, जांभळ्या, हिरव्या, तांबड्या नक्षीच्या, आणि सगळ्या जोडीनं. दोन परड्यांच्या मधे झाकणं, दोन झाकणांच्या मधे बशीएवढ्या टोपल्या, आणि त्यातूनही जिथं चार बोटं चुना उघडा राहिला असता तिथं काळाभोर लाकडी वाडगा. कोनाड्यात कुराण, अत्तराच्या कुप्या, कपांच्या चळती. खाली तांबड्या मातीनं सारवलेले बसायचे ओटे, एकाहून एक उंच, आणि त्यांच्यावर गाद्या, लोड, रेशमी अभ्रे, अभ्र्यांवर भरतकामाचे रुमाल. एवढं सगळं एका खोलीत असून काहीच अंगावर येत नाही. ती मुमिनाच्या हाताची किमया.

दोघींतली जाडी बाई पोटभर बघून झाल्यावर दाराकडे वळली, वर बघितलं आणि तिनं दुसरीला कोपरानं ढोसलं. दाराच्या वर, आतल्या बाजूला, फळीवर दोन गालिचे गुंडाळून ठेवलेले होते.

आमच्याकडे दारावर गुंडाळलेले गालिचे म्हणजे घरात लग्नाची मुलगी आहे. मुलगी उजवून घराबाहेर पडली की गालिचे खाली येतात. तोंडानं विचारायची गरज नाही, डोळे वर करून बघितलं की झालं. जाड्या बाईला एक भाचा होता, आणि भाच्याचं दुकान होतं.

"घर छान लावलंय हं तुम्ही," ती म्हणाली. "पोरीच्या हातचं असेल?"

"हो, तिच्याच हातचं," मुमिना म्हणाली.

"शिकतेय का अजून?"

"शिकायचं राहिलं नाही आता काही."

"स्वभावानं कशी आहे?"

"हट्टी आहे."

"त्या वयात असायचंच. बोलवा की जरा, बघू दे तरी आम्हाला. कुठाय मुलगी?"

मुमिनानं हातातली परडी खाली ठेवली, डोक्यावरची ओढणी नीट केली आणि म्हणाली, "मीच."

बावन्न वर्षांची बाई. कपाळावरचे केस पांढरे, पुढचा एक दात पडलेला. त्या दोघी जणींनी एकमेकींकडे पाहिलं, मग चपलांकडे पाहिलं, आणि कॉफी न घेताच निघाल्या. त्या गेल्यावर शमसिया आली आणि दोघी मैत्रिणी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. वर्षातनं एकदोनदा हे व्हायचंच. आम्हा गल्लीतल्यांना त्याची सवय होती. पण हसून झाल्यावर मुमिना परडी परत उचलायची आणि दाराच्या वर एकदा बघून घ्यायची.

मुमिना घरं लावायची. दुसऱ्या गावात असं काम असतं की नाही मला ठाऊक नाही. गावाच्या जुन्या तटाच्या आत लग्न ठरलं की आधी तिला निरोप जायचा. ती यायची, कमरेवर हात ठेवून खोलीच्या मधोमध उभी राहायची आणि पहिल्यांदा सगळी भिंत रिकामी करायला लावायची. मग घरातल्या वस्तू, आजीच्या परड्या, मामीनं दिलेल्या ताटल्या, अफोचातल्या बायकांनी चार दिवसांसाठी आणून दिलेलं सामान, असं सगळं जमिनीवर मांडायची. अफोचा म्हणजे लग्नात नि मयतीत एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या बायकांचं मंडळ. मुमिना नसती तर त्यातल्या अर्ध्या जणी कुणाची परडी वर आणि कुणाची खाली यावरून आयुष्यभर बोलल्या नसत्या. मुमिनानं जिची जिथं टांगली ती तिथं. तिच्यापुढे कुणाची ब्र काढायची टाप नव्हती.

"भिंत दिसली की घर उघडं पडतं," असं ती म्हणायची. आणि तिचं सांगणं असं, की भरायचं तर पुरतं भरावं. अर्धवट भरलेल्या भिंतीवर माणसाची नजर रिकाम्या जागीच जाते. हे ती भिंतीबद्दलच बोलायची.

लग्नाच्या घरात तिचं शेवटचं काम असायचं नवरीच्या आईला स्टुलावर चढवून दारावरचे गालिचे पुसून घेणं, म्हणजे निघायच्या दिवशी बापानं ते उतरवले की धूळ उडू नये. असे गालिचे तिनं दीडदोनशे दारांवर पाहिले आणि दीडदोनशे दारांवरून उतरताना पाहिले. स्वतःच्या दारावरचे तेवढे पस्तीस वर्षं कायमचे उतरले नव्हते.

त्यातला एक तिच्या आईनं ठेवलेला, मुमिना पंधराची झाली तेव्हा. दुसरा अब्दोशनं आणलेला.

अब्दोश त्याच गल्लीतला, चार दारं पलीकडचा. लग्न ठरलं, दिवस ठरला, आणि त्याच्या आईनं, आय नेजाहानं, होणाऱ्या सुनेसाठी जिबुतीहून एक गालिचा मागवला. सुनेवर जीव होता तिचा. आय म्हणजे आमच्याकडे थोरल्या बाईला मानानं मारायची हाक. तो गालिचा अब्दोशनं स्वतः खांद्यावर टाकून आणला, सगळ्या गावाला दिसेल असा. वाटेत वेशीपाशी मित्र भेटले. मित्रांनी थट्टा केली, हा उत्तर देत उभा राहिला. पाठीमागं लाकडाची मोळी वाहणारं एक गाढव उभं होतं, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. गाढवानं शांतपणे गालिच्याच्या एका कोपऱ्यावरच्या दशा खाल्ल्या. चांगल्या वीतभर.

मुमिनाच्या आईनं गालिचा हातात घेतला, कोपरा बघितला आणि विचारलं, "का रे बाबा, तुमच्या घरी आधी चाखून मग देतात का?"

अब्दोश कानापर्यंत लाल झाला. "आय, मी नाही. गाढवानं खाल्लं."

पडद्यामागं बसलेल्या मुमिनाला हसू आवरलं नाही. नवरीनं असं मोठ्यानं हसणं शोभत नाही. आईनं डोळे वटारले. पण अब्दोशनं पडद्याकडे पाहिलं आणि तोही हसला. तेवढंच. ते हसू मुमिनाच्या कानात पुढं कितीतरी वर्षं राहिलं.

लग्नाला तीन आठवडे उरले असताना सोमालियाशी लढाई पेटली. लष्कराची माणसं घराघरातून तरण्या पोरांना उचलायला लागली. अब्दोश आणि गल्लीतले आणखी चौघं डोंगरातून पायी जिबुतीकडे निघून गेले. जाताना भेटता आलं नाही. आपल्या आईजवळ त्यानं निरोप ठेवला: "मुमिनाला सांग, गालिचा उलगडू नको म्हणावं. मी आल्यावर दोघं मिळून उलगडू."

दोन वर्षांनी एक पत्र आलं. मग आलं नाही. सातव्या वर्षी आय नेजाहा स्वतः चालत आली, मुमिनाच्या शेजारी बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "पोरी, त्यानं टोरांटोत लग्न केलं. काढ ते गालिचे. माझी शपथ आहे तुला." आणि ती रडली. मुमिनानंच तिचे डोळे पुसले, तिला कॉफीच्या टरफलांचा दुधातला काढा करून पाजला आणि घरी पोचवून आली. गालिचे काढले नाहीत.

स्थळं नंतरही आली. मुमिनानं नाही म्हटलं. आई गेली, मग आय नेजाहाही गेली. कुणी फारच टोकलं तर मुमिना म्हणायची, "मुलगी घरातून गेली की गालिचे उतरतात ना? मग? मी कुठं गेलेय?" दरवर्षी रमजानच्या आधी ती गालिचे खाली घ्यायची, काठीनं झटकायची, उदाचा धूर द्यायची आणि परत वर ठेवायची. उलगडायची मात्र नाही. उलगडायचं दोघांनी मिळून ठरलं होतं.

तो परत येईल असं तिला वाटत होतं का? मला नाही वाटत. बाई वेडी नव्हती. तिला फक्त एवढंच हवं होतं, की एकदा त्यानं तो गालिचा पाहावा आणि ओळखावा. म्हणजे ते सगळं खरंच घडलं होतं, असं दुसरं कुणीतरी म्हटल्यासारखं झालं असतं. हे तिनं शमसियाला एकदाच सांगितलं, परड्या विणता विणता, मान वर न करता.

आणि त्या वर्षी अब्दोश आला.

त्याच्या मुलीनं, इल्हामनं, इथलाच मुलगा पसंत केला होता. औषधांच्या दुकानातला हुशार पोरगा. नवरी वडिलांच्या जुन्या घरातूनच निघेल असं ठरलं. इल्हामची आई आली नव्हती; गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि उन्हाळ्यात टोरांटोत दुसरा सोहळा व्हायचाच होता. आल्याच्या दुसऱ्या दिवशी इल्हाम मुमिनाच्या दारात उभी राहिली, जीन्स घालून, डोक्यावर घाईनं ओढणी टाकून.

"आय मुमिना? बाबांनी पाठवलं. आमचं घर लावून द्याल का?"

"बाबा कुठायत?"

"फोनवर."

मुमिना तिच्याकडे बघत राहिली. पोरीच्या हनुवटीचं हाड अगदी आय नेजाहाचं होतं.

घराची दशा झाली होती. मधली कितीतरी वर्षं त्यात भाडेकरू राहून गेले, त्यांनी ओटे फोडून सिमेंट केलेलं, भिंतींना निळा तेलरंग फासलेला. आय नेजाहाच्या परड्यांतली एकही उरली नव्हती. मुमिना खोलीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अब्दोश मागच्या अंगणातून आला. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यानं वाकून सलाम केला.

"आय मुमिना, उपकार होतील. सगळे तुमचंच नाव घेतात."

आय मुमिना. सगळं गाव तिला तसंच म्हणतं, त्यात वावगं काही नाही. पण तिच्यापेक्षा तो सहा वर्षांनी मोठा होता. एके काळी तो तिला नुसतं मुमिना म्हणायचा, आणि लहानपणी नकटी म्हणायचा.

"दहा दिवस लागतील," ती म्हणाली. "तांबडी माती आधी हवी."

"जे हवं ते सांगा," तो म्हणाला, आणि खिशातला फोन वाजला म्हणून परत अंगणात गेला.

घर लावायला सुरुवात झाली. भिंती खरवडून चुना दिला, सिमेंटच्या ओट्यांवर तांबडी माती चढवली. अफोचातल्या बायका डोक्यावरून सामान घेऊन येऊ लागल्या. इल्हाम मदतीला असायची. मन लावून काम करायची, पण एक दिवस ढीग बघून तिचा धीर सुटला.

"आय, थोडं कमी नाही का चालणार? तिकडे आमच्या घरी भिंती पांढऱ्या असतात. मधे एकच चित्र."

"एकच?" मुमिना स्टुलावरून म्हणाली. "का गं, घरात कुणी गेलं होतं का?"

बायका खो खो हसल्या. इल्हामही हसली. मग तिनं विचारलं, "पण एवढं सगळं कशासाठी?"

मुमिना खाली उतरली. तिनं एक परडी इल्हामच्या हातात दिली. "ही शमसियाची. तिच्या धाकट्या बहिणीनं विणली, जी बाळंतपणात गेली. ही बघ, हिच्यात मधेच नक्षी चुकलीय, तेव्हा तिला ताप होता. ही ताटली रुकियाच्या नवऱ्यानं एडनहून आणलेली. आता सांग, यातलं कुणाला म्हणू, तू नको, तुझ्यावाचून चालेल?"

इल्हामनं त्या चुकलेल्या नक्षीवरून बोट फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक वस्तू टांगण्याआधी विचारू लागली, ही कुणाची. मुमिनाला ती पोरगी आवडायला लागली होती, आणि ते तिला जरा जड जात होतं.

सहाव्या दिवशी गालिच्यांचा प्रश्न आला. नवरीच्या घराच्या दारावर काहीच नव्हतं. बाजारातले नवे गालिचे शमसियानं आणून दाखवले. प्लास्टिकचे, चकचकीत, गुंडाळले तर सुरळीसुद्धा धड बसेना.

या सहा दिवसांत मुमिना रोज वाट बघत होती, की कधीतरी अब्दोश चार दारं चालून तिच्याकडे येईल. आमंत्रण द्यायला तरी. आला तर बसेल, बसला तर दाराकडे तोंड करून बसेल, मग नजर वर जाईलच. त्यासाठी तिनं रोज सकाळी घर झाडून, ऊद जाळून ठेवला. आमंत्रण इल्हामबरोबर आलं, छापील कार्डावर.

त्या दुपारी मुमिनानं स्टूल ओढलं.

"काय करतेयस?" शमसियानं विचारलं.

"इल्हामच्या दारावर गालिचे हवेत."

"तुझे? डोकं फिरलंय का तुझं? पस्तीस वर्षं कुणाला हात लावू दिला नाहीस, आणि आता त्याच्याच पोरीच्या लग्नाला देतेस? ज्यानं एका पत्रापुढे दुसरं टाकलं नाही त्याच्या?"

"तो इथं येत नाही ना. मग हे तिथं जातील."

शमसियाच्या लक्षात आलं. तिनं कपाळावर हात मारला. "आणि त्यानं नाही ओळखला तर?"

"तर नाही ओळखला."

"बोलायला काय जातंय. मरशील मुमिना. मला तुला सावरावं लागेल."

"सावरशील. दुसरं काम काय तुला."

शमसियानं तोंडानं शिव्या घातल्या आणि हातानं स्टूल धरलं.

नवरीची आई नव्हती, म्हणून इल्हामच्या दारावर गालिचे मुमिनानंच ठेवले. तिच्या आईचा वर, अब्दोशचा त्याच्या खाली, खाल्लेला कोपरा खोलीकडे. कुणालाही दिसेल असा. मग ती खाली उतरून जरा लांब उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिला आपण लावलेलं घर धड दिसेना, डोळ्यांत पाणी भरलं होतं.

चार दिवस अब्दोश त्या दारातून आतबाहेर करत होता. पाहुणे, मांडव, बकरी, आचारी. तिसऱ्या दिवशी तो खोलीत जरा टेकला, भिंतींवरून नजर फिरवली, मग दारावर. मुमिना कप पुसत होती. तिचे हात थांबले.

"वा," तो म्हणाला. "गालिचेसुद्धा! भाड्यानं मिळाले का हो?"

"नाही," मुमिना म्हणाली. "पडून होते."

"छान आहेत. जुने वाटतात."

"जुने आहेत."

तो उठून गेला. शमसियानं मुमिनाकडे पाहिलंसुद्धा नाही, दयेनं. मुमिनानं उरलेले सगळे कप पुसले, पुसलेले परत पुसले. तिला खूप वाईट वाटलं. आपण पस्तीस वर्षं एक गोष्ट एकटीनंच सांभाळली, ती दुसऱ्याकडे कधीची नाहीशी झालेली, आणि हे कळायला आपल्या हातानं ती उचलून इथं आणावी लागली. आणली नसती तर निदान कळलं नसतं.

लग्नाचा दिवस उजाडला. बायकांनी गाणी धरली, डफ वाजायला लागले. इल्हाम जांभळ्या-काळ्या पोशाखात, हातांवर मेंदी, ओढणीत चेहरा झाकलेला, उंबऱ्यापाशी आली. आता बापानं गालिचे उतरवायचे. कुणीतरी स्टूल दिलं. अब्दोश चढला. पहिला गालिचा त्यानं खाली उभ्या असलेल्या एका पाहुण्याच्या हातात दिला. दुसरा जरा जड होता. तो त्यानं दोन्ही हातांनी ओढून खांद्यावर घेतला आणि उतरायला पाय खाली टाकला.

आणि तसाच थांबला. एक पाय स्टुलावर, एक जमिनीवर.

गालिच्याच्या दशा त्याच्या मानेला लागत होत्या, आणि एका जागी लागत नव्हत्या. त्यानं हात मागं नेऊन चाचपलं. वीतभर जागा बोडकी होती. त्यानं पुन्हा चाचपलं, एखाद्यानं अंधारात आपल्या घराची कडी चाचपावी तसं.

"हा गाढवानं खाल्लाय," तो म्हणाला.

आसपासच्या माणसांना वाटलं म्हाताऱ्याला मुलीच्या निघण्यानं काही सुचत नाही. कुणीतरी हसलं. गाणी चालूच होती. अब्दोशनं वळून खोलीभर शोधलं, सगळ्या परड्या, ताटल्या आणि बायकांमधून, आणि ती त्याला सापडली, कोपऱ्यात कपांच्या चळतीपाशी.

"मुमिना," तो म्हणाला. नुसतं मुमिना.

त्याचा चेहरा कसा झाला होता ते शमसिया अजून सांगते. त्यानं गालिचा खांद्यावरून छातीशी घेतला. मग म्हणाला, "तू अजून हा... दारावर..."

"पोर उंबऱ्यात उभी आहे," मुमिना म्हणाली. आवाज तिचा नेहमीसारखाच होता, शमसियाच्या मते जरा कोरडा. "आधी तिला निरोप दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. रिक्षा वेशीपर्यंत मिळते, गल्लीत नाही, पण चार दारांसाठी रिक्षा कशाला? एका खांद्यावर एक, दुसऱ्या खांद्यावर एक, असे गालिचे घेऊन तो धापा टाकत चढ चढून आला. गल्लीतल्या सगळ्या दारांतून माणसं बघत होती. कुणी थट्टा केली नाही.

आत आल्यावर त्याचे हात आपोआप वर फळीकडे गेले. मग त्यानं ते थांबवले.

"कुठं ठेवू?"

मुमिना ओट्यावर बसली होती. तिनं फळीकडे पाहिलं. फळीवर गालिच्यांच्या जागी न ऊन लागलेला, न धूर लागलेला लाकडाचा पट्टा होता, बाकीच्या फळीपेक्षा उजळ. तेवढीच एक रिकामी जागा त्या घरात.

"आईचा राहू दे कोपऱ्यात," ती म्हणाली. "तुझा अंथर."

तो खाली बसला. सुतळी सुटेना. मुमिना उतरून आली, समोर बसली आणि दुसऱ्या टोकाची गाठ तिनं सोडली. दोघांनी मिळून गालिचा उलगडला. बाहेरचा वेढा विटून मातकट झालेला. पण जसजसा आत उलगडत गेला तसतसा लाल निघत गेला, हिरवा निघत गेला, मधे पिवळ्या फुलांची वेल, कालच दुकानातून आणल्यासारखी. दोघंही बघत राहिले. हे त्या दोघांतल्या कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

"मी लिहायला हवं होतं," अब्दोश म्हणाला. "आधी लाज वाटली, मग खूपच उशीर झाला. आईच्या पत्रातनं कळायचं, मुमिनानं अजून... मला वाटायचं आई मला दुखवायला लिहिते. मग मी ते वाचणंच सोडलं. मुमिना, मी विसरलो. खरं सांगतो. विसरलो होतो मी."

"हो," ती म्हणाली. "लिहायला हवं होतंस. मी वाट बघितली. खूप बघितली."

तिनं काढा केला, त्यानं गालिच्याच्या कडेला, जमिनीवर बसून तो प्यायला. तिनं त्याला गालिच्यावर बस म्हटलं नाही. जाताना दारात त्यानं एकदा वर पाहिलं, रिकाम्या फळीकडे, मग मान खाली घालून निघून गेला. त्या आठवड्याच्या शेवटी त्याचं विमान होतं.

तो गेल्यावर मुमिनानं दार लावून घेतलं आणि ती रडली. मोकळी होऊन, आवाज काढून रडली. बाहेर गल्लीत ऐकू येत होतं आणि शमसियानं कुणाला दारावर थाप मारू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शमसिया वाळत घातलेलं गवत घेऊन नेहमीप्रमाणे विणायला आली. दारातून आत येताना तिची नजर वर गेली, पस्तीस वर्षं रोज जात होती तशी. फळी रिकामी होती. खाली खोलीच्या मधोमध लाल, हिरवा, पिवळा गालिचा पसरला होता आणि त्याच्या ऐन मधे मुमिना पाय पसरून बसली होती, मांडीवर अर्धी परडी घेऊन.

शमसियानं गवत दारापाशी ठेवलं. ती गालिच्यावर पाऊल टाकणार, इतक्यात मुमिनानं मान वर केली.

"पाय पूस आधी," ती म्हणाली. "नवा आहे."